अमेरिकेत मतदार नोंदणी करताना: डेमोक्रॅट, रिपब्लिकन, तिसरा पक्ष की कोणताच नाही?

नागरिकत्वाची शपथ झाली की मतदार नोंदणीचा अर्ज समोर येतोच. टपालाने पाठवायच्या राष्ट्रीय अर्जात 7 क्रमांकाची चौकट पक्षाच्या निवडीची आहे, आणि न्यू जर्सीतलं एडिसन असो की कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट, पेन अडतं ते तिथेच. कुणाला वाटतं, पक्षाचं नाव लिहिलं म्हणजे आपण त्या पक्षात गेलो. कुणाला वाटतं, चौकट कोरी ठेवली की आपण कुणाच्या अध्यातमध्यात नाही. भारतातल्या पक्षांवरून बांधलेले हे दोन्ही अंदाज इथे चुकतात, आणि दुसरा जास्त महागात पडतो.

पुढे चार पर्याय शेजारी शेजारी ठेवले आहेत: डेमोक्रॅट, रिपब्लिकन, तिसरा पक्ष आणि कोणताच पक्ष नाही. मत कुणाला द्यावं हे तुमचं तुम्ही ठरवाल. नोंदणी कशी केली म्हणजे तुमचं मत निकाल ठरतो तिथपर्यंत पोचेल, एवढाच प्रश्न इथे घेतला आहे. त्याचं उत्तर तुमच्या विचारांपेक्षा तुम्ही राहता त्या राज्यावर जास्त अवलंबून असतं.

नोंदणी म्हणजे पक्षप्रवेश नव्हे

भारतात पक्षाचा सदस्य होताना पावती फाडली जाते आणि उमेदवारी वरून येते. एबी फॉर्म ज्याच्या हाती, तो उमेदवार. निवडून आल्यावर व्हिप मोडला तर 1985 पासून दहाव्या अनुसूचीखाली आमदारकी, खासदारकी जाऊ शकते. अमेरिकेत यातलं काहीच नाही. वर्गणी नाही, पावती नाही, शिस्तभंगाची नोटीस नाही. तुमचा पक्ष कोणता याची नोंद सरकारी निवडणूक कार्यालय ठेवतं, आणि तिचा मुख्य उपयोग एकच: प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठी आधी होणाऱ्या निवडणुकीच्या, दिवशी तुम्हाला कोणत्या पक्षाची मतपत्रिका द्यायची हे ठरवणं. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत एका मतदारसंघात सगळ्यांना एकच मतपत्रिका मिळते. नोंद रिपब्लिकन असली तरी सगळी मतं डेमोक्रॅट उमेदवारांना देता येतात. कुणी विचारत नाही, कुणाला कळतही नाही.

उमेदवारी देणारा वरचा कुणी नसल्यामुळे पक्षाचा आपल्याच माणसांवर ताबा फार ढिला असतो. वायोमिंगच्या रिपब्लिकन प्रतिनिधी लिझ चेनी यांनी 2021 साली ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाच्या बाजूने मत दिलं. हाउसमधल्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या (काँग्रेसच्या) खालच्या सभागृहातल्या, रिपब्लिकन सदस्यांनी त्यांना नेतृत्वपदावरून काढलं. वायोमिंगच्या रिपब्लिकन राज्य समितीने तर आम्ही त्यांना रिपब्लिकन मानत नाही, असा ठराव केला. तरीही ऑगस्ट 2022 मध्ये त्या रिपब्लिकन प्रायमरीतच उभ्या राहिल्या, कारण त्यांना अडवण्याचा अधिकार समितीकडे नव्हताच. त्यांना पाडलं ते प्रायमरीच्या मतदारांनी, तेही मोठ्या फरकाने. अमेरिकन राजकारण्याला धाक वाटतो तो या मतदारांचा.

ही व्यवस्था पहिल्यापासूनची नाही. राज्यघटनेत पक्षांचा उल्लेखच नाही, आणि वॉशिंग्टन यांनी 1796 च्या निरोपाच्या संदेशात गटबाजीविरुद्ध इशारा दिला होता. तरी हॅमिल्टन यांचे फेडरलिस्ट आणि जेफरसन-मॅडिसन यांचे डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन असे दोन तट तोवर पडलेच होते. उमेदवार आधी काँग्रेस सदस्यांच्या बैठकीत ठरायचे, 1830 च्या दशकापासून पक्षांच्या अधिवेशनांत. सामान्य मतदाराने उमेदवार निवडावा असा राज्यभर लागू होणारा प्रायमरीचा कायदा विस्कॉन्सिनने 1903 साली केला आणि इतर राज्यं मागून आली. अध्यक्षपदाचा उमेदवार मात्र 1968 पर्यंत नेतेच ठरवत. त्या वर्षी ह्यूबर्ट हम्फ्री प्रायमरीत न उतरता शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. बाहेर रस्त्यावर पोलीस आणि व्हिएतनाम युद्धाचे विरोधक यांची धुमश्चक्री चालू होती. त्या संतापातून नियम बदलले आणि 1972 पासून प्रायमरीचा कौल निर्णायक झाला.

निकाल खरा कधी लागतो

हाउसच्या 435 जागांपैकी दहातल्या साधारण नऊ जागा कोणत्या पक्षाकडे जाणार हे आधीच माहीत असतं. मतदारसंघांच्या सीमा, शहर-गावातली फाळणी आणि लोकांच्या पक्क्या सवयी यांनी ते ठरलेलं असतं. अशा जागी नोव्हेंबर हा उपचार असतो, आणि निवड होते ती काही महिने आधीच्या प्रायमरीत. अध्यक्षपदाची निवडणूक नसते त्या वर्षी प्रायमरीला पाचातला जेमतेम एक मतदार येतो. म्हणजे जागा कुणाला मिळायची हे फार थोडे लोक ठरवतात.

बेळगावात वाढलेले, मराठीत आत्मचरित्र लिहिलेले श्री ठाणेदार काँग्रेसमध्ये कसे पोचले, हे यासाठी बारकाईने बघण्यासारखं आहे. मिशिगनच्या 13 व्या मतदारसंघात, म्हणजे डेट्रॉइट आणि आसपासच्या भागात, डेमोक्रॅटिक उमेदवार हरणं जवळपास अशक्य. 2022 च्या ऑगस्टमधल्या प्रायमरीत नऊ उमेदवार होते. ठाणेदारांनी प्रचारात स्वतःच्या खिशातले लाखो डॉलर ओतले आणि सुमारे 28 टक्के मतांवर ते जिंकले. उरलेली 72 टक्के मतं आठ जणांत फुटली. नोव्हेंबरमध्ये त्यांचा विजय सहज झाला. डेट्रॉइट हे कृष्णवर्णीय बहुसंख्या असलेलं शहर. तिथून काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी नाही, अशी वेळ जवळपास सत्तर वर्षांत पहिल्यांदा आली. तिथल्या मतदाराला ही निवड आवडो वा न आवडो, ती ऑगस्टमध्ये झाली होती. ज्याने ऑगस्ट चुकवला त्याला नोव्हेंबरमध्ये करण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

राज्य बदललं की सल्ला बदलतो

तीसेक राज्यांत नोंदणी पक्षवार होते, बाकीच्यांत अर्जावर पक्ष विचारतच नाहीत. पक्षवार नोंदणीच्या राज्यांतही प्रायमरी कुणाला खुली हे सगळीकडे वेगळं आहे.

न्यूयॉर्क सर्वांत कडक. प्रायमरी बंद आहे: पक्षाची नोंद नसेल तर मतपत्रिका मिळत नाही. पक्ष बदलायचा असेल तर अर्ज 14 फेब्रुवारीपर्यंत पोचायला हवा, तेव्हाच तो जूनच्या प्रायमरीला लागू होतो. पूर्वी ही मुदत आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये संपायची. म्हणून एप्रिल 2016 मध्ये इव्हांका आणि एरिक ट्रम्प यांना स्वतःच्या वडिलांना प्रायमरीत मत देता आलं नाही. मुदत उलटून सहा महिने झाले होते. न्यूयॉर्क शहरात महापौर बहुतेक वेळा डेमोक्रॅटिक प्रायमरीतून ठरतो. 24 जून 2025 च्या प्रायमरीत झोहरान ममदानी यांनी अँड्रू कुओमो यांना हरवलं आणि नोव्हेंबरमध्ये ते निवडून आले. क्वीन्समधल्या ज्या भारतीयांची चौकट कोरी होती, ते ममदानींच्या बाजूचे असोत की विरोधातले, जूनमध्ये सगळेच बाहेर राहिले. या राज्यात चौकट कोरी ठेवण्याचं एकही व्यावहारिक कारण दिसत नाही.

पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडा आणि मेरीलँड हीही बंद प्रायमरीची राज्यं, फक्त मुदती सैल. पेनसिल्व्हेनियात प्रायमरीच्या 15 दिवस आधीपर्यंत पक्ष बदलता येतो, फ्लोरिडात 29 दिवस आधीपर्यंत. तिथे आधी पक्ष निवडून ठेवावा आणि दर प्रायमरीच्या दीड-दोन महिने आधी पुन्हा विचार करावा.

न्यू जर्सीचा नियम बहुतेकांना अर्धाच ठाऊक असतो. पक्षाची नोंद नसलेला मतदार प्रायमरीच्या दिवशी मतदान केंद्रावर जाऊन तिथल्या तिथे पक्ष जाहीर करू शकतो आणि त्या पक्षाची मतपत्रिका घेऊ शकतो. इथवर ठीक. पण त्या क्षणापासून तुमची नोंद त्या पक्षाची होते आणि तुम्ही बदलेपर्यंत तीच राहते. एकदा डेमोक्रॅट झाल्यावर रिपब्लिकन प्रायमरीत मत द्यायचं असेल तर बदल प्रायमरीच्या 55 दिवस आधी करावा लागतो, म्हणजे जूनसाठी साधारण एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात. दुसरी अडचण टपालाने मत देणाऱ्यांची. कोरी नोंद असेल तर प्रायमरीची मतपत्रिका घरी येतच नाही. त्यासाठी पक्ष आधीच जाहीर करावा लागतो. उन्हाळ्यात भारतात जाणाऱ्या कुटुंबांचं जूनचं मत याच कारणाने हुकतं.

या राज्यात गेल्या दोन-तीन वर्षांत एक मोठा बदल झाला, आणि तो प्रायमरीला जाण्याचं नवं कारण आहे. पूर्वी बहुतेक काउंट्यांत (राज्यातल्या जिल्ह्यांत) काउंटी पक्षाने पाठिंबा दिलेले सगळे उमेदवार मतपत्रिकेवर एकाच ओळीत छापले जात, आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. त्या ओळीतला उमेदवार क्वचितच हरे. सिनेटची उमेदवारी लढवणारे डेमोक्रॅट अँडी किम यांनी दावा लावला, मार्च 2024 मध्ये फेडरल न्यायाधीशांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ही मांडणी थांबवली, आणि 2025 साली कायद्यानेच मतपत्रिका पदवार झाली. त्याच वर्षी गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत सहा उमेदवार होते आणि मिकी शेरिल एक तृतीयांशाच्या आसपास मतांवर जिंकल्या. अशा फुटलेल्या लढतीत हजार-दोन हजार मतदारांच्या समाजालाही किंमत येते.

मॅसॅच्युसेट्स आणि नॉर्थ कॅरोलायना इथे कोरी नोंद हाच उत्तम पर्याय. पक्ष नसलेला मतदार दर वेळी हव्या त्या पक्षाची मतपत्रिका मागतो, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये मत दिल्यावरही त्याची नोंद पक्षविरहितच राहते. बॉस्टन किंवा शार्लटला राहत असाल तर घाईने पक्ष लिहून हा मोकळेपणा घालवू नका.

टेक्सासात अर्जावर पक्ष नाहीच. सम वर्षी मार्चमध्ये केंद्रावर जाऊन कोणत्या प्रायमरीत मत द्यायचं ते सांगायचं. त्या वर्षापुरते तुम्ही त्या पक्षाचे. कुणालाही निम्म्याहून जास्त मतं नसतील तर मे महिन्यात पहिल्या दोघांत फेरलढत होते. मार्चमध्ये रिपब्लिकन मतपत्रिका घेतली असेल तर मेमध्ये डेमोक्रॅटिक फेरलढतीत मत देता येत नाही. मार्चमध्ये गेलाच नसाल तर मेमध्ये कोणतीही एक निवडता येते. राज्यभराच्या पदावर डेमोक्रॅट शेवटचा निवडून आला तो 1994 साली. म्हणजे गव्हर्नर कोण, ॲटर्नी जनरल कोण, हे रिपब्लिकन प्रायमरीत ठरतं. पण डॅलस किंवा हॅरिस काउंटीतले न्यायाधीश आणि काउंटी पदाधिकारी यांचा निकाल बरेचदा डेमोक्रॅटिक प्रायमरीत लागतो. दोन्ही एकाच वर्षी मिळत नाहीत, म्हणून त्या वर्षी तुमच्यासाठी कोणतं पद महत्त्वाचं हे आधी ठरवावं लागतं.

मिशिगन, इलिनॉय, जॉर्जिया, व्हर्जिनिया इथेही पक्षाची नोंद नाही. मिशिगनच्या ऑगस्टच्या मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने एकाच कागदावर असतात आणि मत एकाच रकान्यात द्यायचं असतं. एक पद इकडचं, एक तिकडचं अशी खूण केली की पक्षीय भागातली सगळी मतं बाद. चांगला माणूस बघून मत देणाऱ्या विचारी मतदाराकडूनच ही चूक होते.

कॅलिफोर्नियाचं गणित वेगळं आहे. 2010 च्या प्रपोझिशन 14 नंतर, म्हणजे मतदारांनीच मंजूर केलेल्या नियमानंतर, तिथे राज्यातल्या आणि काँग्रेसच्या पदांसाठी सगळे उमेदवार एकाच प्रायमरीत उतरतात, सगळे मतदार मत देतात, आणि पहिले दोघे नोव्हेंबरमध्ये जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. 2016 साली सिनेटसाठी, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहासाठी, कमला हॅरिस आणि लोरेटा सांचेझ या दोघी डेमोक्रॅटच समोरासमोर होत्या. उलटा प्रकार 2012 साली सॅन बर्नार्डिनो भागातल्या 31 व्या मतदारसंघात झाला. तिथे डेमोक्रॅटिक मतदार जास्त, पण त्यांची मतं चार उमेदवारांत फुटली आणि नोव्हेंबरमध्ये दोन रिपब्लिकन उरले. त्यामुळे कॅलिफोर्नियात पक्षाची नोंद या पदांसाठी निरर्थक आहे, पण प्रायमरीला जाणं तितकंच गरजेचं. अध्यक्षपदाची प्रायमरी मात्र पक्षवार होते. रिपब्लिकन पक्षाने ती आपल्या नोंदीच्या मतदारांपुरती ठेवली आहे. डेमोक्रॅटिक मतपत्रिका पक्ष नसलेल्यांनाही मिळते, पण ती मागावी लागते. काउंटीकडून येणाऱ्या कार्डाला उत्तर दिलं नाही तर घरी आलेल्या कागदावर अध्यक्षपदाचा रकानाच नसतो.

नावं तीच, पक्ष दुसरे

नोंद एकदा केली की ती जन्माची निष्ठा मानण्याची ओढ आपल्याकडे असते. दोन्ही पक्षांचा इतिहास पाहिला तर त्या ओढीला आधार सापडत नाही.

आजचा डेमोक्रॅटिक पक्ष 1828 च्या सुमारास अँड्र्यू जॅक्सन यांच्याभोवती, मार्टिन व्हॅन ब्युरन यांच्या बांधणीतून उभा राहिला. दक्षिणेतली गुलामगिरी राखणारा तो पक्ष होता. रिपब्लिकन पक्ष 1854 साली, कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने पश्चिमेच्या नव्या प्रदेशांत गुलामगिरीला दार उघडलं त्या विरोधातून जन्मला. सहा वर्षांत लिंकन अध्यक्ष झाले, चौरंगी लढतीत 40 टक्क्यांहून किंचित कमी मतांवर. गुलामगिरी संपवणारी 13 वी, नागरिकत्व देणारी 14 वी आणि मताधिकाराची 15 वी घटनादुरुस्ती ही रिपब्लिकन काँग्रेसची कामं. त्या काळातल्या मुक्त झालेल्या गुलामाने पक्ष निवडायला फार विचार केला नसता.

मग 1930 च्या दशकात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी कामगार, स्थलांतरित, शहरी कृष्णवर्णीय आणि वर्णभेद मानणारे दाक्षिणात्य गोरे या सगळ्यांना एका मोटेत बांधलं. ती मोट नागरी हक्कांवरून फुटली. 1964 च्या नागरी हक्क कायद्यावर हाउसमधलं मतदान नीट वाचा: डेमोक्रॅट 152 बाजूने, 96 विरुद्ध; रिपब्लिकन 138 बाजूने, 34 विरुद्ध. म्हणजे प्रमाण पाहिलं तर रिपब्लिकन पाठिंबा जास्त होता. पण कायदा डेमोक्रॅट अध्यक्ष जॉन्सन यांचा, आणि सिनेटमध्ये विरोध करणाऱ्या सहा रिपब्लिकनांपैकी एक, बॅरी गोल्डवॉटर, त्याच वर्षी पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार झाले. ते देशभर सपाटून हरले. स्वतःच्या ॲरिझोनाखेरीज जिंकली ती फक्त खोल दक्षिणेतली पाच राज्यं. तिथून दक्षिणेची वाटचाल रिपब्लिकन पक्षाकडे सुरू झाली, आणि 1994 साली चाळीस वर्षांनी हाउस रिपब्लिकनांकडे आलं तेव्हा ती बरीचशी पुरी झाली होती. लिंकनचा पक्ष की गुलामगिरीचा पक्ष, असा वाद आजच्या उमेदवारांवरून घालणाऱ्यांनी ही आकडेवारी एकदा समोर ठेवावी.

आपल्या इथे असण्याला कारण झालेले कायदे दोन्ही पक्षांचे आहेत. भारतीयांना नागरिक होण्याचा हक्क देणारा 1946 चा कायदा क्लेअर बूथ लूस या रिपब्लिकन आणि इमॅन्युएल सेलर या डेमोक्रॅट अशा दोघांच्या नावाने ओळखला जातो. दहा वर्षांनी, 1956 साली, दलीप सिंग सौंद कॅलिफोर्नियातून डेमोक्रॅट म्हणून काँग्रेसमध्ये निवडून आले. पुढे गव्हर्नर झालेले बॉबी जिंदाल आणि निकी हेली हे रिपब्लिकन.

आजचे दोन पक्ष, आपल्या प्रश्नांवर

सरकारात पक्षाचं सर्वांत मोठं काम म्हणजे बहुमत. हाउसचा अध्यक्ष, सगळ्या समित्यांची अध्यक्षपदं आणि कोणतं विधेयक पटलावर येणार हे बहुमतवाला पक्ष ठरवतो. सिनेटमध्ये बहुतेक कायद्यांना चर्चा थांबवण्यासाठी 60 मतं लागतात, त्यामुळे तिथे एकट्या पक्षाचं सहसा भागत नाही. मोठ्या खर्चाच्या आणि करांच्या प्रश्नांवर दोन्ही पक्ष एकगठ्ठा मतदान करतात. 2010 चा आरोग्यविम्याचा कायदा, ज्यामुळे मुलं 26 वर्षांपर्यंत आईवडिलांच्या विम्यावर राहू शकतात, हाउसमध्ये 219 विरुद्ध 212 ने झाला आणि एकाही रिपब्लिकनचं मत त्याला नव्हतं. 2017 च्या करकपातीला एकाही डेमोक्रॅटचं मत नव्हतं. आरोग्य, कर, गर्भपात, बंदुका आणि हवामान यांवर पक्षाची पाटी पुरेशी माहिती देते. डेमोक्रॅट सरकारी विमा आणि जास्त उत्पन्नावर जास्त कर यांकडे झुकतात, रिपब्लिकन कमी कर, कमी नियमन आणि राज्यांकडे अधिकार यांकडे.

पण तुमच्या घरात ज्या प्रश्नांवर झोप उडते, तिथे पाटी अपुरी पडते. ग्रीन कार्डच्या रांगेचंच घ्या. दर देशाला 7 टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग दशकांत मोजावी लागते. रोजगाराच्या ग्रीन कार्डवरची ही मर्यादा काढणारं विधेयक जुलै 2019 मध्ये हाउसमध्ये 365 विरुद्ध 65 ने मंजूर झालं. मांडणारे झो लॉफग्रेन डेमोक्रॅट, केन बक रिपब्लिकन. सिनेटमध्ये ते रेटणारे माइक ली रिपब्लिकन. अडवणारे रँड पॉल रिपब्लिकन, आणि डिक डर्बिन डेमोक्रॅट. डिसेंबर 2020 मध्ये सिनेटने वेगळा मसुदा एकमताने मंजूर केला, दोन मसुद्यांचा मेळ बसायच्या आत काँग्रेसची मुदत संपली आणि सगळं मुसळ केरात गेलं. या प्रश्नावर तुमच्या प्रतिनिधीने त्या दिवशी काय मत दिलं हे बघा, त्याच्या नावापुढचं पक्षाचं अक्षर (डी की आर) नंतर.

प्रशासनाच्या पातळीवर फरक स्पष्ट आहे. एच-वनबी या कामाच्या व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदारांना (एच-फोर) कामाची परवानगी 2015 साली ओबामा प्रशासनाने दिली. ट्रम्प यांच्या पहिल्या कार्यकाळात ती काढण्याच्या हालचाली झाल्या, पण ती टिकली. सप्टेंबर 2025 मध्ये ट्रम्प यांनी नव्या एच-वनबी अर्जांवर 1,00,000 डॉलरचं शुल्क जाहीर केलं. मालमत्ता कराचं चित्र पुन्हा गुंतागुंतीचं. राज्य आणि स्थानिक कराची वजावट 10,000 डॉलरवर आणणारा 2017 चा कायदा रिपब्लिकन, पण न्यू जर्सीच्या पाच रिपब्लिकन हाउस सदस्यांपैकी चौघांनी त्याविरुद्ध मत दिलं; 2025 साली ती मर्यादा 40,000 पर्यंत नेली तीही रिपब्लिकन काँग्रेसनेच. जातिभेदविरोधी विधेयक 2023 साली कॅलिफोर्नियात आणलं डेमोक्रॅटांनी, मंजूर केलं डेमोक्रॅटांच्या विधिमंडळाने, आणि त्यावर नकाराधिकार वापरला तोही डेमोक्रॅट गव्हर्नर न्यूसम यांनी. आंबेडकरी संघटना आणि त्यांच्या विरोधातल्या हिंदू संघटना, दोघांनाही आपली लढाई एकाच पक्षाच्या आत लढावी लागली. तिथे ज्याचं मत त्या पक्षाच्या प्रायमरीत, त्याला आवाज जास्त.

तिसरा पक्ष

सर्वांत जास्त मतं मिळवणारा जिंकतो, बाकीच्यांना शून्य. या नियमाखाली तिसरा पक्ष तगत नाही. रॉस पेरो यांना 1992 साली जवळपास 19 टक्के मतं मिळाली आणि अध्यक्ष ठरवणारं, राज्यवार मिळणारं इलेक्टोरल मत एकही नाही. थिओडोर रूझवेल्ट यांनी 1912 साली स्वतःचा पक्ष काढून 88 इलेक्टोरल मतं घेतली, जुन्या पक्षाचे टाफ्ट 8 वर आले, आणि 435 घेऊन डेमोक्रॅट विल्सन अध्यक्ष झाले. फ्लोरिडात 2000 साली बुश 537 मतांनी पुढे होते. त्याच राज्यात ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडर यांना 97,488 मतं होती. बंद प्रायमरीच्या राज्यात ग्रीन किंवा लिबर्टेरियन अशी नोंद म्हणजे दोन्ही मोठ्या प्रायमरींतून स्वतःला बाहेर काढणं. ती विचारांची जाहीर खूण म्हणून करायची असेल तर जरूर करा, किंमत माहीत असू द्या. मेन आणि अलास्कात पसंतिक्रमाने मतदान होतं, पहिली पसंती बाद झाली तर मत पुढच्या पसंतीला जातं, म्हणून तिथे तिसऱ्या उमेदवाराला दिलेलं पहिलं मत वाया जात नाही.

घोळ कुठे होतात

‘इंडिपेंडंट’ हा शब्द लिहू नका. कॅलिफोर्नियात अमेरिकन इंडिपेंडंट नावाचा खराखुरा पक्ष आहे, आणि 1968 साली वर्णविभाजनवादी जॉर्ज वॉलेस यांच्या उमेदवारीसाठी उभा राहिलेला आहे. आपण कुणाचेच नाही असं सांगायला निघालेले कित्येक जण त्यात नोंदले गेले. कोणताच पक्ष नको असेल तर तुमच्या राज्याचे नेमके शब्द वापरा: कॅलिफोर्नियात ‘नो पार्टी प्रेफरन्स’, फ्लोरिडात ‘नो पार्टी ॲफिलिएशन’, न्यू जर्सीत ‘अनॲफिलिएटेड’, मॅसॅच्युसेट्समध्ये ‘अनएनरोल्ड’.

तुमच्या पक्षाची नोंद आणि कोणत्या निवडणुकीत मत दिलं याची यादी बहुतेक राज्यांत उमेदवारांना मिळते. मत कुणाला दिलं हे कधीच नाही. प्रायमरीत नियमित जाणाऱ्याच्या दारावर प्रचारक येतात, न जाणाऱ्याकडे फिरकत नाहीत. समाजाचे प्रश्न उमेदवारांपुढे मांडणाऱ्या मंडळांनी हे ध्यानात घ्यावं: उमेदवार सभागृहातली गर्दी मोजतो, पण त्याच्या हातातल्या यादीत प्रायमरीचे मतदार असतात.

विरोधी पक्षात नाव घालून त्यांचा सर्वांत दुबळा उमेदवार निवडून द्यायची कल्पना बैठकींत निघते. कायद्याने ती चालते. पण तो दुबळा उमेदवार निवडून आला तर त्याच्यासोबत चार किंवा सहा वर्षं तुम्हालाच काढायची आहेत. ज्या पक्षात नाव घालाल तिथला तुम्हाला पटणारा माणूस निवडा. नवरा-बायकोंनी वेगवेगळ्या पक्षांत नोंदणी करणं हा त्याहून सरळ मार्ग आहे आणि बरीच कुटुंबं तो वापरतात.

अजून नागरिक नसाल तर वरचं काहीच तुम्हाला लागू नाही, आणि इथे चूक फार महागात पडते. 1993 च्या कायद्यामुळे ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवरच मतदार नोंदणी विचारली जाते. घाईत ‘हो’ वर खूण केली तर आपण नागरिक आहोत असा खोटा दावा केल्यासारखं होतं. नागरिकत्वाच्या एन-400 अर्जात कधी नोंदणी किंवा मतदान केलं का, हा प्रश्न थेट असतो, आणि त्यातून हद्दपारीपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. ग्रीन कार्ड असेल तर उमेदवाराला देणगी देता येते (2025-26 मध्ये फेडरल उमेदवाराला दर निवडणुकीस 3,500 डॉलरपर्यंत, प्रायमरी आणि मुख्य निवडणूक वेगळ्या धरून). एच-वनबीवर देणगी चालत नाही, विनामोबदला स्वयंसेवक म्हणून काम मात्र करता येतं.

आणि घर बदललं की नोंद आपोआप मागे येत नाही. न्यू जर्सीतून पेनसिल्व्हेनियात गेलात तर नदीपलीकडे नवा अर्ज, नवी चौकट, नवी मुदत. जुन्या राज्यातली नोंद रद्द करा, नव्या राज्याच्या संकेतस्थळावर स्वतःचं नाव, पत्ता आणि पक्ष शोधून पाहा, आणि प्रायमरीच्या दोन महिने आधी पुन्हा एकदा पाहा. नाव पासपोर्टवर एक आणि लायसन्सवर दुसरं असेल, मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं असा फरक असेल, तर अर्ज तिथेच अडकतो. तो सोडवायला काउंटी कार्यालयाला फोन करावा लागतो, आणि मुदतीच्या आदल्या दिवशी तो फोन लागणं कठीण असतं.